पुरोहिती पाय

अक्का, शिवानं काल माझ्या हातात कागद-पेन दिलं आणि म्हणाला, "काकू, आईचं चार ओळींत लिहून द्या, ग्रुपवर टाकायचंय." मी लिहायला बसले. तुझं नाव लिहिलं, खाली 'कैलासवासी'च्या जागी आपल्यातलं 'लिंगैक्य' लिहिलं, आणि नावाच्या आधी काय लावावं यावर अडले. गेलेल्या माणसाला विशेषणं लावायची पद्धत आहे. प्रेमळ, मनमिळाऊ, धर्मपरायण. सगळ्यांना तीच, शाळेच्या गणवेशासारखी. जन्मभर बांधावरून भावाशी भांडलेला माणूससुद्धा मेल्यावर मनमिळाऊ होतो. आणि तू मनमिळाऊ? तुझ्याशी मिळवून घेता घेता माझे केस पांढरे झाले. मी कागद विशेषणाविनाच परत दिला. शिवा म्हणाला, "मोकळं मोकळं दिसतंय, काकू." दिसू दे, म्हणाले.

खरं तर माझ्याकडं एक विशेषण होतं. पण ते ग्रुपवर टाकलं असतं तर कुणाला समजलं नसतं, आणि समजावत बसायला माझ्यात आता दम नाही. ते तुझ्या-माझ्यातलं होतं. त्या एका शब्दावरून आपण दोघी जावा चाळीस वर्षं भांडलो. भांडण वरवर व्याकरणाचं होतं, आतून माझ्या पायाचं होतं. तू गेलीस की तुझ्या डोक्यावर मी पाय टेकवायचा, हा तुझा हट्ट. मरेन पण टेकवणार नाही, हा माझा. परवा त्याचा निकाल लागला. ऐकायला तू नाहीस, म्हणून लिहून कळवते.

मी मुदखेडची. वडील रेल्वेत, घर रुळांच्या कडेला. आमचंही घर जंगमाचंच, म्हणजे लिंगायतांच्या पुजाऱ्याचं, पण नावापुरतं. वडिलांना झेंडी-शिट्टीतून पूजेला वेळ नव्हता. लग्न होऊन उदगीरच्या पुढं आपल्या गावी आले, तर पहिल्याच सकाळी ओट्यावर एक म्हातारा दुकानदार आला, माझ्या आजोबांच्या वयाचा, आणि वाकून माझ्या पायाला हात लावायला लागला. मी झटक्यात मागं सरले. मागं तू उभी होतीस. "सरकू नगंस," तू म्हणालीस. "तुझ्या पाया न्हाई पडून राहिले ते." मग कुणाच्या, हे विचारायची माझी हिंमत नव्हती. तुझं माहेर बीदरकडचं, बोलणं अर्धं कानडी, आवाज असा की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहायची. मी तुला 'तुम्ही' म्हणायची आणि सणासुदीला तुझ्या पाया पडायची. धाकट्या जावेनं पडायचंच असतं.

गावातल्या लिंगायत घरांचे आपण स्वामी. बारसं, लग्न, घरभरणी, सगळ्याला बोलावणं आपल्याकडं यायचं. थोरले स्वामी, म्हणजे तुझे यजमान, ते सगळं बघायचे. माणूस गेला की तेही आपल्याकडंच. आपल्यात गेलेल्याला बसवून पुरतात, आणि माती लोटायच्या आधी स्वामी आपला पाय त्याच्या डोक्यावर टेकवतो. गुरूचा पाय लागला की माणूस सुटला, अशी आपल्याकडची समजूत. मुदखेडला मी हे कधी पाहिलं नव्हतं. तुझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणाले, "बाई गं, डोक्यावर पाय?" आणि तू माझ्याकडं वेडीकडं बघावं तसं बघितलंस.

मग बहात्तर उजाडलं. थोरले स्वामी आणि आमचे हे, दोघं भाऊ कामाला हैदराबादला गेले. घरात सासूबाई आणि आपण दोघी. आपण रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचो. मुकादम बिचारा हळहळायचा, "स्वामीणबाई, तुमी कशाला आलाव इथं?" तू म्हणायचीस, "पोट काय स्वामी हाय का? ते बी समद्यासारखंच हाय." दुपारी सरकारी सुकडी, म्हणजे भाजलेलं गोड पीठ, मिळायची. तू तुझ्या वाट्यातली थोडी माझ्याकडं सरकवायचीस आणि वर म्हणायचीस, "मला ग्वाड चालत न्हाई." पुढं लग्नाच्या पंगतीत तुला बुंदीवर बुंदी घेताना पाहिलं, तेव्हा कुठं मला ती थाप कळली. मी तुला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू म्हणाली असतीस, सुकडी येगळी आन बुंदी येगळी.

त्याच उन्हाळ्यात काशव्वा गेली, वेशीजवळच्या शेतकऱ्याची आई. तिचा मुलगा कामावर तुला शोधत आला. आसपासची गावं त्यानं पालथी घातली होती. स्वामी म्हणून एक माणूस घरी नव्हता, सगळे पोटामागं गेलेले. तू कर, असं सांगायला तो आला नव्हता. कुठं कोण मिळेल, एवढंच विचारायला आला होता. तू हातोडा खाली ठेवलास, पदरानं तोंड पुसलंस आणि म्हणालीस, "चल." मी मागून पळाले. मला वाटलं, तू नुसती भेटायला चाललीस.

तू सगळं केलंस. थोरल्या स्वामींच्या मागं बसून ऐकलेलं तुझ्या तोंडात बसलं होतं. मधेच अडलीस, तर लाजली नाहीस, पुन्हा पहिल्यापासून म्हणालीस. शेवटी पाय धुऊन पुढं झालीस तेव्हा गडीमाणसांत कुजबुज झाली. कुणीतरी म्हणालंच, "बाईचा पाय कसा चालंल?" तू वळून बघितलंस. "मग ठिवा झाकून, गडी येईस्तोवर," म्हणालीस. चैत्र-वैशाखाचं ऊन होतं. गडी बाजूला सरले आणि तू पाय टेकवलास.

परत येताना तू कोरड्या ओढ्यात वाळूवर बसलीस आणि म्हणालीस, "सुमन, मला लई भ्या वाटलं गं." मी म्हणाले, "मग केलंस कशाला?" तोंडातून 'केलंस' निघून गेलं. तुझ्या ध्यानात आलं, माझ्याही आलं, पण दोघींपैकी कुणी दुरुस्त केलं नाही. त्या दिवसापासून तू मला 'तू' झालीस. त्या दुष्काळानं आपलं पुष्कळ नेलं. पण हे एक दिलं, आणि ते मी जन्मभर वापरलं.

पुरुष परत आले. थोरल्या स्वामींना खोकला जडला होता, ते फार वर्षं राहिले नाहीत. त्यांच्या मागं तूच सगळं बघायला लागलीस. चार लग्नं झाली, दोन-तीन मात्या झाल्या आणि गावाला सवय झाली. बाहेरगावचं कुणी आलं की मात्र तोच प्रश्न. बाई कशी काय? दर वेळी तू नवं उत्तर द्यायचीस आणि दर वेळी तुझा आवाज चढायचा.

लातूर जिल्हा झाला आणि आपलं सगळं तिकडं हललं. ह्यांना नव्या कचेरीत कारकुनी मिळाली, मी एव्हाना मास्तरीण झाले होते, माझी तिथल्या मुलींच्या शाळेत बदली झाली, आणि शिवाच्या शिक्षणासाठी तूही आलीस. गंजगोलाईच्या बाजारामागं दोन खोल्या. शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून पेंटरनं 'जि. लातूर' लिहिलं, तरी मुली पेपरवर जुनाच जिल्हा लिहायच्या आणि मी लाल शाईनं दुरुस्त करत बसायची. जिल्हा आला, साहेब आले, साहेबांची बिऱ्हाडं आली. नळाला पाणी तेवढंच राहिलं. त्यात पावसानं ओढ दिलेली. तू हंड्यांच्या रांगेत भांडून नंबर लावायचीस आणि वर तिथल्याच एखादीच्या लेकीचं लग्न ठरवून यायचीस.

त्या वर्षी सहामाहीच्या पेपरात मी 'वाक्यात उपयोग करा' याखाली 'पुरोहिती' हा शब्द घातला. धड्यात 'पुरोहिती वर्चस्व' असं होतं, म्हणून. पेपर तपासायला घरी आणले आणि डोक्याला हात लावला. एकीनं लिहिलं होतं, 'साहेबांची पुरोहिती बदली झाली.' दुसरीनं, 'माझी आजी फार पुरोहिती आहे, ती सगळ्यांना बोलते.' आणि एकीनं अगदी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'नवीन जिल्हा झाल्यापासून आमच्या गल्लीत पाणी पुरोहिती नाही.' मी हसत हसत तुला वाचून दाखवलं. तू डाळ निवडत होतीस. तू हसली नाहीस.

"म्हंजे काय गं ह्ये?"

"पुरोहिती म्हणजे पुरोहिताचं. पुरोहित म्हणजे आपला स्वामीच धर. पुरोहिती काम, पुरोहिती थाट. विशेषण आहे."

"मग पोरगी चुकली कुठं?"

"अगं, तिला वाटलं, पुरणं म्हणजेच पुरोहिती. पाणी पुरत नाही, असं लिहायचं होतं तिला."

तू सुपातले खडे बाजूला काढलेस. "बराबर हाय की. येळंला पुरतंय ते पुरोहिती. काशव्वाच्या येळंला कोण पुरलं? देऊन टाक मार्क."

मी मार्क दिला नाही. शब्दाचा अर्थ लोकांच्या सोयीनं ठरत नाही, म्हणाले. मग कुणाच्या सोयीनं ठरतोय, असं तू विचारलंस, आणि मी पेपर उचलून आतल्या खोलीत गेले. त्या मुलीचा मार्क बुडाला, पण शब्द आपल्या घरात राहायला आला. "चहा पुरोहिती हाय का, का अजून आधण ठिवू?" तू ओरडून विचारायचीस. ह्यांनीही धरलं ते. महिनाअखेरीला म्हणायचे, "पगार पुरोहिती नाही." मी एकटी मास्तरीण घरात शुद्ध मराठीची बाजू लढवत होते आणि रोज हरत होते.

पुढची गंमत तुला आठवते. मी शिवाला शिकवत होते. काळा घोडा, काळी घोडी, इथं विशेषण बदलतं. पण पुरोहिती पुरुष, पुरोहिती बाई, पुरोहिती काम, इथं तसंच राहतं. "म्हणजे हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही," मी म्हणाले. तू चुलीपुढून उठून दारात आलीस, हात गळ्यातल्या इष्टलिंगावर.

"लिंगाचं काय म्हणलीस?"

मी सांगितलं, ते लिंग नव्हे, व्याकरणातलं. पुल्लिंग, स्त्रीलिंग. तू बराच वेळ उभी राहिलीस. मागं भाकरी करपत होती.

"म्हंजे गड्याला लावलं तरी त्येच, बाईला लावलं तरी त्येच?"

"तेच."

"पुस्तकात हाय?"

"व्याकरणात आहे."

"आन मी इतकी वर्सं लोकांस्नी घसा फोडून सांगून राहिले," तू म्हणालीस. "घरात मास्तरीण ठिवून काय उपेग तुझा?"

त्याचा उपयोग तू लगेच केलास. आपल्या गावच्या मुलीचं लग्न अर्धापूरला होतं, केळीच्या बागा असलेल्या घरी. मला ओढून नेलंस. मांडवात पाच कलश मांडले, तू बसलीस, आणि नवऱ्याकडचे एक चष्मेवाले मामा पुढं आले. "बाई लगीन लावणार? शास्त्रात बसतंय का हे?" मुलीच्या बापाच्या तोंडचं पाणी पळालं. तू शांतपणे म्हणालीस, "व्याकरणात बसतंय." मामांना काही कळेना. तू माझ्याकडं बोट केलंस. "इचारा तिला. मास्तरीणबाई हायत."

सगळा मांडव माझ्याकडं बघायला लागला. मी उठले, पदर सारखा केला, आणि पाचवीच्या वर्गात सांगते तसं सांगितलं की पुरोहिती हे विशेषण लिंगाप्रमाणे बदलत नाही. माझं मलाच हसू येत होतं, पण आवाज मास्तरणीचाच लागला. मामांनी चष्मा काढून पुसला. "आसं लिहिलेलंच असंल तर मग ठीक हाय," म्हणाले. तू लगेच सुरू केलंस. काय आवाज लागला होता तुझा त्या दिवशी. अक्षता टाकताना मी बघितलं, ते मामा हात जोडून उभे होते.

परतीच्या एसटीत त्यांनी दिलेला केळीचा घड आपल्या दोघींच्या मधे सीटवर. नांदेड सोडलं तरी तुझी खुशी उतरेना. केळी सोलत तू एकदम म्हणालीस, "सुमन, माझ्या येळंला तू पाय द्यायचा."

मी म्हणाले, "वेड लागलंय का तुला? तुझ्या पाया पडते मी."

"तुझा पाय कुठं असतोय तवा. पुरोहिती पाय असतोय. विशेषण लागलं की बदलतंय."

"विशेषणानं नाम बदलत नाही, अक्का. लाल लुगडं म्हटलं तरी ते लुगडंच."

"कच्चा आंबा आन पिकला आंबा येकच का मग?"

"आंबाच ना दोन्ही."

"उष्टं ताट आन धुतलं ताट?"

"ताट ते ताटच."

"मग जेव उष्ट्यात," तू म्हणालीस आणि केळ्याची साल खिडकीबाहेर टाकलीस. पुढच्या सीटवरचा माणूस वळून बघायला लागला, म्हणून आपण गप्प बसलो. भांडण मिटलं नव्हतं. लातूरपर्यंत तू माझ्याकडं पाठ करून बसलीस आणि उतरताना सगळा घड मला उचलायला लावलास.

तिथून पुढं ते भांडण आपल्या घरात सणासारखं येत राहिलं. दिवाळीत, पंचमीत, शिवाच्या लग्नात, कधीही. तू म्हणायचीस, अधिकारी हाय म्हणून त्याची सही चालती, तो घरी गेला की त्याच्या सहीला कोण इचारतंय. मी म्हणायची, सही करणारा हात त्याचाच असतो. तू म्हणायचीस, हात त्याचा आन सही सरकारची. मी म्हणायची, अक्का, तू वकील व्हायला पाहिजे होतीस. खरं सांगते, मला राग यायचा तो तू जिंकायचीस म्हणून नाही. तू तुझ्या मरणाबद्दल इतक्या मजेत बोलायचीस, त्याचा यायचा. भाजी निवडता निवडता कुणी असं बोलतं का?

नंतर दिवस बदलले. जिल्हा जुना झाला. माइकवाले, गाडीवाले नवे स्वामी आले, चांगली शिकलेली मुलं. त्यांचा काही दोष नाही. तुला येणारी बोलावणी कमी झाली. एका घरचं आमंत्रण आलं ते नुसतं जेवायला. ती मुलगी तूच बारशाला मांडीवर घेतलेली. मला वाटलं तू जाणार नाहीस. तू इस्त्रीचं लुगडं नेसून गेलीस, पोटभर जेवलीस, आणि घरी येऊन म्हणालीस, "बुंदी बरी हुती. लगीन काय खरं न्हाई." मग भिंतीकडं तोंड करून पडलीस. संध्याकाळी उठून शिवाच्या बायकोला म्हणालीस, पोरीला दृष्ट लागू नये म्हणून मी तिथल्या तिथं मनात सगळं म्हणून आले. तुझ्या हिशोबानं ते लग्न तूच लावलं होतंस.

हे गेले तेव्हा पाय तूच दिलास. धाकटा दीर, तुझ्या हातचं खाऊन मोठा झालेला. मी पलीकडं बसले होते आणि मला फक्त तुझा पाय दिसत होता. तो थरथरत होता, अक्का. चांगला थरथरत होता. महिन्याभरानं मी तुला म्हणाले, पुरोहिती पाय होता ना, मग थरथरत कशाला होता? तू म्हणालीस, "मुंग्या आल्त्या." त्या एका वेळी मी जिंकले होते आणि मला जिंकायचं नव्हतं. तू माझ्या पाठीवरून हात फिरवत होतीस आणि तोंडानं शेजारणीला नावं ठेवत होतीस. तुझं प्रेम असंच यायचं, कुणाच्या तरी निंदेतून.

ह्या उन्हाळ्यात तू खाट धरलीस. दुखणं फार नव्हतं, नुसती विझत गेलीस. खायला मागायचीस आणि दोन घासांत पुरे म्हणायचीस. मी रोज खाटेशी येऊन बसायची. परवाच्या आदल्या सकाळी तुझ्या केसांना तेल लावत होते, तेव्हा तू डोळे मिटूनच विचारलंस, "मग काय ठरलं तुझं?" मी म्हणाले, "बघू." तू म्हणालीस, "बघू म्हंजे न्हाई. मुदखेडची माणसं तसलीच." ते तुझं शेवटचं बोलणं, निदान माझ्याशी. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा तसाच ठेवून तू गेलीस. तुझ्या चेहऱ्यावर भांडण जिंकल्यासारखं काहीतरी होतं. माझ्या डोळ्यांचा भास असेल.

मला फार चुकल्यासारखं वाटतंय. सकाळी उठले की कुणाशी वाद घालायचा हेच कळत नाही. शिवा सगळ्याला हो म्हणतो, त्याची बायको त्याहून हो म्हणते. असं घर मला सोसत नाही. पण मन शांत आहे, हेही खरं. तुझं काही अडलं नाही, काही राहिलं नाही. तू भरपूर जेवलीस, भरपूर भांडलीस, शेकडो पोरींची लग्नं लावलीस, आणि तुझ्या खाटेजवळ सगळे होते. रडू येतं, आणि रडता रडता तुझं एखादं बोलणं आठवून हसूही येतं. तुझी सून आणि माझी सून, दोघी बघतात, म्हातारीला काय झालं म्हणून.

आता निकाल. तुला गावी नेलं. थोरल्या स्वामींच्या शेजारी जागा काढलेली होती. शिवानं रीतीप्रमाणं लातूरहून एक तरुण स्वामी बोलावला होता. मुलगा चांगला, आवाज स्वच्छ, एकही शब्द चुकला नाही. तुला बसवलं, विभूती लावली, बेलपत्री वाहिली. मी मागं उभी होते. खरं सांगते, माझं काही ठरलं नव्हतं. उलट सुटल्यासारखं वाटत होतं की आता कुणी मला विचारणार नाही.

मग त्या मुलानं मोजा काढला. पांढरा, धुतलेला मोजा. घडी घालून खिशात ठेवला. आणि मला असा राग आला, अक्का. कोण कुठला मुलगा, तुला बघितलं नाही, तुझा आवाज ऐकला नाही, आणि तुझ्या डोक्यावर पाय.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडं बघायला लागले. तो मुलगा अदबीनं म्हणाला, "अम्मा, काही चुकलं का?" मी म्हणाले, "चुकलं नाही. पाय मी देणार आहे. तिचं सांगणं होतं." मागून कुणीतरी काहीतरी पुटपुटलं, बाई आणि धाकटी जाऊ, असं काहीसं. मी शिवाकडं बघितलं. तो डोळे पुसत हसला. "ल्हानपणापासून हेच भांडण ऐकत आलोय, स्वामी," तो म्हणाला. "काकूला द्या." मुलगा बाजूला झाला. भला मुलगा, त्यानं स्वतः माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणला.

शिवानं माझा पाय धुतला. नांदेडच्या नातीनं सुट्टीत माझी नखं रंगवली होती, गुलाबी, ती सगळ्यांपुढं दिसली. गुडघा वाकेना. दोघी सुनांनी मला दोन्ही काखांत धरलं. तुझं डोकं खाली होतं, टाळूवर केस विरळ झालेले, मधे रुंद भांग. तू शिकवलेले शब्द मी म्हणाले. मधे अडले, तर तुझ्यासारखंच पुन्हा पहिल्यापासून म्हणाले.

पाय उचलला आणि क्षणभर तसाच धरला. तू इतकी वर्षं सांगत होतीस, म्हणून मी वाट बघितली. आता तो बदलेल, दुसऱ्या कुणाचा तरी होईल, आणि मग मला टेकवणं सोपं जाईल. नाही बदलला. तोच सुजलेला घोटा, तीच भेगांची टाच, तीच गुलाबी नखं. तो टेकवला तर तळव्याला तेल लागलं, मीच तुझ्या केसांना लावलेलं. मी लहान मुलीसारखी रडले.

तू हरलीस, अक्का. पाय माझाच होता. दुसऱ्या कुणाचा मी तुझ्या डोक्यावर टेकवू दिला नसता.